आपली किंमत कोण मोजतं? सवची रील, लाइकचं बटण आणि चवदार तळं

एसटीत खिडकीपाशी बसून ऐकत असाल, जिममध्ये असाल, नाहीतर आईनं निवडायला दिलेली मेथी समोर असेल, तर हातातलं काम चालू ठेवा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या घरातून करतो.

माझं आजोळ सव. महाडजवळचं गाव, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जाणारं. थंडीत सकाळी कुंडावर गेलात तर पाण्यावर वाफ तरंगत असते. लहानपणी आम्ही तिथे पाय सोडून बसायचो आणि आजी म्हणायची, "बसा रे, अंगावरचे डाग जातात." मागच्या डिसेंबरात गेलो तेव्हा माझी मामेबहीण बरोबर होती. यंदा दहावीला आहे. वाफेत उभं राहून तिला रील काढायची होती आणि कॅमेरामन अर्थातच मी. एकदा केस नीट नाहीत, एकदा मागून म्हैस गेली, एकदा माझाच हात हलला. शेवटी एक रील पसंत पडली आणि नऊच्या सुमारास ती टाकली गेली.

दुपारी जेवताना फोन ताटाशेजारी. संध्याकाळी बघतो तर रील गायब.

म्हटलं, "काय गं, काढून टाकलीस?"

"त्रेचाळीसच लाइक आले, दादा. हिच्या ह्याच कुंडावरच्या रीलला सहाशे होते."

ही कोण, तर तिची लहानपणापासूनची मैत्रीण. एका बाकावर बसणारी. पुढे कळलं की दोघी दोन महिने बोलतच नाहीयेत. मैत्रिणीनं कुठल्याशा सहलीचे फोटो "क्लोज फ्रेंड्स"ना दाखवले आणि त्या यादीत ही नव्हती. तिसऱ्याच मुलीनं स्क्रीनशॉट दाखवला तेव्हा हिला समजलं. भांडण झालं नाही, शब्दाला शब्द लागला नाही. एका यादीत नाव नव्हतं, एवढंच. मग थोड्या वेळानं, मोबाइलकडेच बघत ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी असणार."

मामी आतून म्हणाली, "एक दिवस तो फोन पाट्यावर ठेवून फोडणार आहे मी." मामा म्हणाला, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाबा."

पुण्याला परत येताना मामाचं ते वाक्य डोक्यात राहिलं. खरंच नव्हतं? दुसऱ्यांच्या नजरेतून आपली किंमत ठरणं हे आत्ताचंच आहे? आजचा भाग ह्या प्रश्नावर.

आकडा यायच्या आधी

मी शाळेत होतो तेव्हा दहावीच्या सेंडऑफच्या आधी वर्गात स्लॅम बुक फिरायचं. आवडता रंग, आवडता हिरो, "माझ्याबद्दल तुला काय वाटतं" वगैरे. आपल्या पानावर कोण काय लिहितं ह्याची धाकधूक असायचीच. एखाद्यानं नुसतं "गुड बॉय, ऑल द बेस्ट" लिहिलं तर वाईटही वाटायचं. म्हणजे लोकांना आपण कसे वाटतो ह्याची काळजी तेव्हाही होती. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्येच हे लिहून ठेवलंय. त्याचं म्हणणं साधं आहे: माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात बघतो. मी त्यांना कसा दिसत असेन, ते माझ्याबद्दल काय ठरवत असतील, ह्या अंदाजातून आपलं स्वतःबद्दलचं मत तयार होतं. तेव्हा फोन म्हणजे श्रीमंतांच्या भिंतीवरची वस्तू होती.

मग आलं ऑर्कुट, जानेवारी २००४ मध्ये. आमच्या महाडात ते सायबर कॅफेमधून पोचलं. तासाचे पैसे मोजून आम्ही स्क्रॅप वाचायला जायचो. ऑर्कुटवर "टेस्टिमोनियल" नावाची एक भानगड होती. मित्रानं तुमच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, तुम्ही मान्य केल्या की त्या प्रोफाइलवर दिसायच्या. मित्रांची संख्या आणि "फॅन" तिथेही होते, नाही असं नाही. पण तुमच्याबद्दलचं मत प्रामुख्यानं शब्दांत यायचं, आणि लिहायला कुणाला तरी दहा मिनिटं बसावं लागायचं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं.

त्याच्या आधीच, फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकनं लाइकचं बटण आणलं होतं. कारण अगदी निरुपद्रवी होतं. प्रत्येक फोटोखाली पन्नास जण "मस्त", "भारी" लिहायचे, ते एका टिचकीत व्हावं. ह्या बटणावर काम करणाऱ्यांपैकी एक लीआ पर्लमन. पुढे तिनं नोकरी सोडून कॉमिक्स काढायला घेतली. तिच्या चित्रांना लाइक कमी यायला लागले तेव्हा तिला इतकं लागलं की लोकांपर्यंत पोचण्यासाठी तिनं फेसबुकवर जाहिराती विकत घेतल्या. हे तिनंच मुलाखतींत सांगितलंय. बटण ज्यांनी बनवलं त्यांनाही ते सुटत नव्हतं, मग आमच्या दहावीच्या पोरीचं काय घेऊन बसलात!

ह्या बटणानं काय बदललं ते नीट बघा. "मस्त आलाय फोटो, ताईच्या लग्नातला ना?" ह्या वाक्याची दुसऱ्या वाक्याशी तुलना होत नाही. ४३ ची मात्र ६०० शी होते, आणि लगेच होते. पूर्वी आरसा धूसर होता. आता त्यावर आकडा छापून येतो, आणि तो फक्त तुम्हाला नाही, सगळ्यांना दिसतो.

महाडात फोन कसा आला

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, हे आमच्याकडे कुणीच विसरलेलं नाही. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झालं. त्याआधी महिनाभर एक जीबी पुरवून वापरणारी माणसं दिवसाला एक जीबी संपवायला लागली. तरी तेव्हा गावात फोन मोठ्यांचा होता. पोरांना तो रात्री जेवल्यावर, मागून मिळायचा.

तो पोरांच्या हातात गेला २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनपासून शाळा फोनमध्ये आली. ज्या घरात एकच फोन होता तिथे उधारीवर दुसरा आला. रेंजसाठी पोरं टेकाडावर जाऊन बसायला लागली. नेमकं ह्याच वेळी, २९ जून २०२० ला सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणल्या. म्हणजे फोन हातात, शाळा बंद, मित्र भेटत नाहीत आणि समोर रील्स. हे सगळं एका उन्हाळ्या-पावसाळ्यात घडलं. पुढे शाळा फोनमधून बाहेर पडली आणि इमारतीत परत गेली. फोन मात्र पोरांकडेच राहिला. मामी ज्याला "नाद" म्हणते तो असा, शाळेच्या पाठीवर बसून घरात आला. पोरांनी चोरून आणला नव्हता.

अजून एक तारीख सांगतो, कारण ती माझी आहे. २२ जुलै २०२१. महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली. मी पुण्यात होतो. मामाला, मामीला, बहिणीला मेसेज टाकले. सगळ्यांना एकच टिक. वीज नाही, नेटवर्क नाही. मी दर दोन मिनिटांनी फोन उघडून ती एक टिक बघायचो. दुसरी टिक म्हणजे फोन चालू झाला, म्हणजे माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी रात्री दुसरी टिक आली तेव्हा मी खोलीत एकटाच रडलो.

हे का सांगतोय? कारण परवा बहीण मला म्हणाली, "ब्लू टिक येऊन चार तास झाले तरी रिप्लाय नाही, म्हणजे मी तिच्यासाठी नाहीच आहे." व्हॉट्सॲपनं निळी टिक आणली नोव्हेंबर २०१४ मध्ये. मला टिक सांगत होती की माझी माणसं आहेत. तिला तीच टिक सांगते की ती कुणासाठी नाहीये. पंधरा-सोळाव्या वर्षी ह्या दोन गोष्टींतलं अंतर फार कमी वाटतं, हे विसरून आपण त्यांना "एवढ्याशा गोष्टीवरून काय" म्हणतो.

लाल ठिपका

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. पहिल्या नोकरीत एका शॉपिंग ॲपचं काम होतं. आम्ही वापरणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला आयकॉनवर लाल ठिपका दाखवला, दुसऱ्याला नाही. ठिपकेवाले ॲप जास्त वेळा उघडत होते, म्हणून ठिपका सगळ्यांना दिला. ठिपक्यामागे बहुतेक वेळा काही नसायचं, एखादी जुनीच ऑफर असायची. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

त्या खोलीत कुणी दुष्ट माणूस नव्हता, आणि नेमकी तीच अडचण आहे. "मुलगी उदास झाली" हा कॉलम आमच्या तक्त्यात नव्हताच. "किती वेळा उघडलं" आणि "किती वेळ थांबला" हे कॉलम होते. जे मोजलं जातं ते वाढवलं जातं. मोठ्या सोशल मीडियाचं गणित ह्याहून वेगळं नाही, कारण जाहिरातीचे पैसे तुम्ही किती वेळ थांबता ह्यावर असतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं "वॉल स्ट्रीट जर्नल"नं छापली. ती बाहेर आणणारी फ्रान्सिस हॉगन ही तिथलीच कर्मचारी. त्यात कंपनीच्याच संशोधनातली एक नोंद होती: ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यापैकी ३२ टक्के म्हणाल्या की इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढलं. कंपनीचं उत्तर होतं की हे अर्धवट चित्र आहे, ॲपमुळे अनेकांना बरंही वाटतं.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की ह्या संशोधकांनी लाखो मुलांची माहिती तपासली. मुलांच्या बऱ्या-वाईट वाटण्यातला जेमतेम ०.४ टक्का फरक डिजिटल वापराशी जोडता येतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे सरसकट सगळी पोरं फोननं बिघडली, असं म्हणायला आधार नाही. पण सरासरीत एक गोष्ट लपते. महाड तालुक्याचा सरासरी पाऊस सांगून तळियेचं काय झालं ते कळत नाही. काही मुलांना काहीच होत नाही, काहींना मैत्री मिळते आणि काही मात्र आतून खचतात.

इन्स्टाग्रामनं लाइकचा आकडा लपवून बघायचे प्रयोग २०१९ मध्ये केले. मे २०२१ मध्ये सगळ्यांना तो पर्याय दिला. सेटिंगमध्ये जा, आकडा लपवा. मी बहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "मी एकटीनं लपवला तर सगळ्यांना वाटेल हिला लाइक येत नाहीत म्हणून लपवलाय."

ह्या वाक्यापाशी मी अडकलो. पर्याय आहे, तो कागदावर सगळ्यांना खुला आहे, पण एकट्यानं वापरला की उलट शिक्षा होते. आणि मग आठवलं की ही गोष्ट मी ऐकलेली आहे. महाडातच.

कागदावर खुलं असलेलं तळं

पुढचं ऐकण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जातीनं माणसाला जे सोसायला लावलं ते आणि लाइक कमी येणं ह्यांची तुलना होऊ शकत नाही. तिथे मार होता, उपासमार होती, पिढ्यानपिढ्यांचा अपमान होता. मी दुःखांची बरोबरी करत नाहीये. लोकांनी लादलेली मोजपट्टी माणसं कशी नाकारतात, एवढंच बघतोय. आणि त्याचा धडा गिरवायला आमच्या तालुक्याइतकी चांगली जागा दुसरी कुठली?

रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे कॉम्रेड आर. बी. मोरे, जन्म १९०३. महाडच्या परिसरातलाच मुलगा. शाळेत हुशार, शिष्यवृत्ती मिळवलेला. दहा-बारा वर्षांचा असताना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश घ्यायला गेला तर अस्पृश्य म्हणून नाकारला गेला. त्यानं गप्प न बसता लेखी तक्रार केली. प्रवेश मिळाला, पण बसायला वेगळी जागा. वर्ग तोच, धडा तोच, गुण चांगले, तरी त्याची किंमत आधीच कुणीतरी ठरवलेली. "माझ्यातच काहीतरी कमी असणार" हे वाक्य त्या मुलाच्या मनात किती वेळा आलं असेल, विचार करा.

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव मुंबई विधिमंडळानं मंजूर केला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही ठराव केला आणि चवदार तळं सगळ्यांना खुलं झालं. कागदावर. प्रत्यक्षात पुढची तीन वर्षं तिथे जाऊन पाणी घेण्याची सोय नव्हती. कारण सोपं आहे. एकट्यानं गेलं तर मार खावा लागणार, काम तुटणार, गावाची वाट बंद होणार. हक्क प्रत्येकाचा होता, पण तो एकेकट्यानं वापरता येत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरवण्यात पुढे होते तेच आर. बी. मोरे, आता चोविशीचे. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेनं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. परतताना, "आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार" अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ले झाले. तळ्याचं "शुद्धीकरण" केलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. कोर्टाचा मनाई हुकूम होता म्हणून तळ्यावर जाणं पुढे ढकललं गेलं. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. त्या परिषदेत बाबासाहेबांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की आपण तहान भागवायला तळ्यावर जात नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे प्रस्थापित करायला जातो. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांनी.

डिसेंबरच्या परिषदेतली एक बाजू शाळेच्या पुस्तकात फारशी येत नाही. बाबासाहेब तिथे स्त्रियांशी वेगळं बोलले. ज्या पद्धतीच्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात लांबून ओळखली जाते, ती पद्धत सोडा, इतर बायकांसारखं नीट नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच अमलातही आणलं. "दिसण्याला काय महत्त्व" असं ते म्हणाले नाहीत. दिसण्यावरूनच जग किंमत करत होतं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून आपली पोरगी केस नीट आलेत का बघते तेव्हा तिला थिल्लर म्हणण्याची घाई करू नका. कसं दिसायचं हे माणसाला महत्त्वाचं वाटतंच. ते ठरवतंय कोण, हा प्रश्न आहे.

भोंगा

आता सांगली जिल्ह्यात जाऊ, कारण मोजपट्टी एकत्र खाली ठेवण्याचं आजच्या काळातलं उदाहरण तिथे आहे. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि घराघरांतले टीव्ही-मोबाइल दीड तास बंद होतील. साडेआठला पुन्हा भोंगा, मग चालू. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते. कोविडनंतर पोरांचं लक्ष अभ्यासात लागत नाही, घरातली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ही तक्रार होती. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडीच्या ताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं वेगळा रस्ता धरला: १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीच. ऑस्ट्रेलियानं तर १६ वर्षांखालच्यांची सोशल मीडियावरची खाती बंद करणारा कायदा केला. तो १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला.

मला बंदीपेक्षा भोंगा जास्त पटतो. बंदीत पोरांना वाटतं की मोठी माणसं आपल्याकडून काहीतरी काढून घेतायत. भोंग्यात आजोबांची मालिका, बापाचं व्हॉट्सॲप आणि पोराची रील एकाच वेळी बंद होते. पण खरं कारण दुसरं आहे. सातला सगळेच बंद असतील तर माझं काही चुकत नाही, कुणाचा मेसेज राहात नाही, कुणी म्हणत नाही की ही रिप्लाय देत नाही.

ह्याला अभ्यासाचाही आधार आहे. २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं: टिकटॉक चार आठवडे बंद ठेवायला किती पैसे घ्याल? इतर सगळे वापरत असताना एकट्यानं बंद करायचं तर मुलं सरासरी ५९ डॉलर मागत होती. पण कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तेव्हा उलट स्वतःच्या खिशातले २८ डॉलर द्यायला तयार होती. पोरांना ते हवं असतं असं नाही. इतर आत असताना आपण बाहेर राहायची भीती असते.

माझी बहीण जे म्हणाली तेच हे. "मी एकटीनं लपवला तर."

पाच जणी

मी सवला फोन केला तेव्हा तिला भाषण नाही दिलं. हीच गोष्ट सांगितली, तळ्याची, ठरावाची आणि वडगावची. म्हटलं, एकटीनं नको करूस. किती जणी आहात?

ती म्हणाली, "ग्रुपमध्ये पाच." मग थांबून, "म्हणजे तिला धरून."

"मग तिला धरूनच कर."

पहिला मेसेज कुणी टाकायचा ह्यात तिचे चार दिवस गेले. शेवटी तिनं मेसेज टाकलाच नाही, बाकावर बसल्या बसल्या विचारलं. मैत्रीण म्हणे आधी रडली. मग तिनं सांगितलं की सहाशे लाइकची ती रील टाकल्यानंतर पुढच्या रीलला दोनशेच आले तेव्हा ती आठवडाभर नीट जेवली नव्हती. सहाशेवालीचं असं होतं, हे आमच्या त्रेचाळीसवालीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पाचही जणींनी एकाच दिवशी लाइकचा आकडा लपवला. अभ्यासाला एकीच्या घरी जमतात तेव्हा सगळे फोन तिच्या आजीच्या फराळाच्या डब्यात. तीन आठवडे छान चाललं. मग एका हळदीच्या कार्यक्रमात मोडलं, कारण पाचही जणींचा एकत्र डान्स होता आणि त्याची रील टाकलीच पाहिजे होती. मग पुन्हा सुरू झालं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. "क्लोज फ्रेंड्स"चा विषय अजून दोघींनी काढलेला नाही. पण डबा वाजला की आता मामी फोन फोडायची भाषा करत नाही. मामानं मात्र आपला फोन डब्यात ठेवायला साफ नकार दिलाय. सत्याग्रह चालू आहे.

मागच्या आठवड्यात बहिणीनं मला एक फोटो पाठवला. कुंडाच्या काठावर पाण्यात सोडलेले दहा पाय. विचारलं, टाकणार आहेस का कुठे? म्हणाली, "नाही रे दादा. तुला दाखवायला काढला."

तर मंडळी, आजच्यापुरतं इतकंच. आकडा लपवायचा असेल तर एकट्यानं लपवू नका. आधी बाकावरच्या माणसाला विचारा. भेटू पुढच्या भागात.